नको असलेला बदल : मुक्तस्रोत प्रकल्पांतील मतभेद आणि त्यांची हाताळणी

शासकीय कार्यालये, बँका आणि विद्यापीठे यांच्या संगणकीय कामकाजाचा फार मोठा भाग आज ‘मुक्तस्रोत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतो. संकेतस्थळे ज्या यंत्रांवरून चालविली जातात, त्यांपैकी बहुसंख्य यंत्रांत लिनक्स ही कार्यप्रणाली असते. अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्यातही तीच असते. लिब्रेऑफिस हा कार्यालयीन उपयोगाचा संच मराठीतूनही उपलब्ध आहे. भारत सरकारने २०१५ साली खास धोरण जाहीर करून ई-प्रशासनाच्या कामांत अशा सॉफ्टवेअरला पसंती देण्याचे ठरविले. ज्या साधनांवर सार्वजनिक कारभाराचा इतका भार आहे, ती साधने घडविणाऱ्या मंडळींत मतभेद झाल्यास त्यांचा निवाडा कोण करतो आणि कसा करतो, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला ‘कोड’, सर्वांसाठी खुली असते. ती कोणीही वाचावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलावी आणि बदललेल्या रूपात इतरांना द्यावी, अशी मुभा परवान्यानेच दिलेली असते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्यानंतर ही कार्यपद्धती जगभर पसरली. या प्रकल्पांत काम करणारे लोक निरनिराळ्या देशांत राहतात. काहींना त्यांची कंपनी वेतन देते, तर अनेक जण फावल्या वेळात, विनामोबदला काम करतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नसते.

अशा प्रकल्पात कोणीही बदल सुचवू शकतो. या सुचविलेल्या बदलाला ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. जुन्या काळी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर छिद्रे पाडून लिहिला जात असे आणि चूक दुरुस्त करावयाची झाल्यास त्या पट्टीवर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवावा लागे. तेव्हापासूनचा हा शब्द. पॅच तपासून तो मूळ संहितेत घ्यावयाचा की नाही, हे प्रकल्प सांभाळणारे ठरवितात. त्यांना ‘मेंटेनर’ असे म्हणतात.

सर्व गैरसमजांचे मूळ येथेच आहे. संहिता बदलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण तो बदल मूळ प्रकल्पाने स्वीकारलाच पाहिजे, असा हक्क कोणालाही नाही. एखाद्या ग्रंथाच्या स्वतःजवळच्या प्रतीत वाचकाने हवी तशी दुरुस्ती करावी, त्याला कोणी हरकत घेत नाही. मात्र ती दुरुस्ती पुढील आवृत्तीत छापली जावयाची असेल, तर संपादकाची संमती लागते. या दोन हक्कांतील भेद ध्यानी न घेतल्यामुळे ‘प्रकल्प सर्वांचा आहे, मग माझा बदल का नको?’ असा रोष उत्पन्न होतो.

चांगला बदलही नको असू शकतो

नाकारलेला प्रत्येक बदल चुकीचा असतो, असे मुळीच नाही. बदल देणारा तो देऊन मोकळा होतो. पुढे दहा वर्षे तो सांभाळण्याचे काम मात्र मेंटेनरकडे राहते. एका वापरकर्त्याला उपयुक्त वाटणारी सोय इतर हजारोंच्या वाटेत येऊ शकते. यास्तव बहुतेक प्रकल्पांनी लेखी नियम करून ठेविले आहेत : मोठा बदल लिहिण्यापूर्वी त्याची चर्चा करावी, बदल लहान तुकड्यांत द्यावा, तो कशासाठी आहे ते सोबत लिहावे, आणि त्याची चाचणी जोडावी. आधी विचारलेल्याला नकार मिळाला, तर त्याचा एक दिवस जातो. तीन महिने खपून तयार केलेल्या कामाला नकार मिळाला, तर भांडण होते.

केवळ संख्येच्या मोहाने आलेले बदल हा आणखी एक प्रकार. ऑक्टोबर महिन्यात मुक्तस्रोत प्रकल्पांना चार बदल सुचविणाऱ्यास टी-शर्ट देण्याचा ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम डिजिटलओशन ही कंपनी चालवीत असे. २०२० साली त्यातून निरर्थक बदलांचा असा पूर लोटला की, कोणी माहितीपत्रकात एखादे विशेषण घालावे, कोणी एखादा शब्द बदलावा आणि सदऱ्यावर हक्क सांगावा! वैतागलेल्या मेंटेनरांच्या तक्रारीनंतर आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमती असेल त्यांनाच उपक्रमात धरावे लागले.

नकार द्यावा, पण सकारण

नकार देण्याची रीत कशी असावी, याचा चांगला दाखला अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये मिळतो. १९९९ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्रकल्पांत बदलावर मत अंकांनी नोंदवितात. ‘अधिक एक’ म्हणजे संमती, ‘उणे एक’ म्हणजे विरोध. संहितेतील बदलाच्या बाबतीत मताधिकार असलेल्या एका सदस्याचा ‘उणे एक’ हा नकाराधिकार ठरतो व बदल अडतो. एवढ्यावर नियम थांबला असता, तर एका हटवादी माणसाने सर्व काम वेठीस धरले असते. परंतु त्या नकारासोबत तांत्रिक कारण देणे बंधनकारक आहे. कारण दिले नाही, तर तो नकार अवैध मानला जातो.

प्रस्तुत लेखकाला संगणकाची एकही भाषा येत नाही. तथापि, फायलींवरील टिपण्या वाचण्यात बरीच वर्षे गेल्यामुळे या नियमाचे मोल त्याला चटकन उमगले. आपल्याकडे प्रशासनात ‘सकारण आदेश’ म्हणतात, तेच हे तत्त्व होय. ‘नामंजूर’ एवढाच शेरा अर्जदाराच्या हाती काहीच देत नाही. कारण लिहिले, म्हणजे त्या कारणाचे खंडन करता येते, बदलात सुधारणा करून तो पुन्हा मांडता येतो, किंवा निदान आपले म्हणणे वाचले गेले याचे समाधान मिळते. शिवाय हे सर्व उघड नोंदीत राहते. पाच वर्षांनी दुसऱ्या कोणी तोच बदल आणला, तर पूर्वी तो का नाकारला, हे शोधण्यासाठी कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही.

एकदा स्वीकारलेला बदल नंतर नकोसा ठरतो, तेव्हा तो मागे घेण्याचीही रीत आहे. लिनक्सच्या गाभ्यासंबंधी टॉरवल्ड्स यांचा दंडक प्रसिद्ध आहे : वापरकर्त्यांचे पूर्वी नीट चालणारे काम नव्या बदलामुळे बंद पडले, तर चूक बदलाची मानावी, वापरकर्त्याची नव्हे. असा बदल मागे घेतला जातो. पण तो खोडून टाकला जात नाही. मूळ बदल, तो मागे घेतल्याची नोंद आणि त्याचे कारण, ही तिन्ही इतिहासात राहतात. मात्र याच टॉरवल्ड्स यांचे नकार कित्येकदा इतक्या कठोर, क्वचित अपमानकारक भाषेत असत की, कारण योग्य असूनही माणसे दुखावत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागणुकीबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली. त्याच सुमारास त्या प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली.

वेगळी चूल

मतभेद मिटतच नाहीत, तेव्हा मुक्तस्रोत जगात एक मार्ग सदैव खुला असतो. असंतुष्टांनी संपूर्ण संहितेची प्रत घ्यावी आणि नव्या नावाने आपला स्वतंत्र प्रकल्प चालवावा. याला ‘फोर्क’ म्हणतात. आपल्या भाषेत रस्त्याला फाटा फुटतो किंवा भाऊ वेगळी चूल मांडतो, तसा हा प्रकार. फरक इतकाच की, घराची वाटणी झाली म्हणजे शेत अर्धे होते. येथे दोघांनाही संपूर्ण शेत मिळते. विभागली जातात ती राबणारी माणसे, आणि तोटा होतो तो त्यातूनच.

जीसीसी या प्रकल्पाची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. प्रोग्रॅमरने लिहिलेली संहिता यंत्राला कळेल अशा रूपात आणणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला जीसीसी हा असाच कंपायलर असून मुक्तस्रोत जगाचा तो पायाच होता. १९९०नंतरच्या दशकात त्याचा कारभार मोजक्या व्यक्तींच्या हाती होता आणि त्यांचे धोरण सावधपणाचे होते. नव्या यंत्रांसाठी केलेल्या सुधारणा, सी प्लस प्लस भाषेसंबंधीचे काम, फोर्ट्रान भाषेसाठीची जोड, असे बदल बाहेर तयार होत. पण मूळ प्रकल्पात त्यांचा समावेश होण्यास फार विलंब लागे. स्पष्ट नकाराहून न मिळालेले उत्तर माणसाला अधिक संतप्त करते, हे अर्ज घेऊन खेटे घालणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. अखेर १९९७ साली काही प्रमुख कार्यकर्त्यांनी ‘ईजीसीएस’ या नावाने वेगळी चूल मांडली. तेथे कामाची दारे उघडी होती. तुंबलेले बदल एकत्र आले आणि दोन वर्षांच्या आत हा फाटा मूळ रस्त्याहून रुंद झाला. येथे स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने प्रतिष्ठेला कवटाळून न बसता, एप्रिल १९९९ मध्ये ईजीसीएसच्या मंडळींनाच जीसीसीचे अधिकृत मेंटेनर म्हणून मान्यता दिली. वेगळे झालेले घर पुन्हा एक झाले, पण कारभारी बदलून.

नोड.जेएस या प्रकल्पात याचीच पुनरावृत्ती थोडक्या काळात झाली. एका कंपनीच्या हाती असलेल्या संथ कारभाराला कंटाळून डिसेंबर २०१४ मध्ये ‘आयओ.जेएस’ हा फाटा फुटला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये दोन्ही प्रकल्प एका स्वतंत्र प्रतिष्ठानच्या छत्राखाली एकत्र आले. लिब्रेऑफिसची गोष्ट मात्र मनोमीलनाची नाही. त्याचा पूर्वज जो ओपनऑफिस, त्याला बदल देणाऱ्याने आपल्या स्वामित्वहक्कात सन या कंपनीला सहभागी करून घ्यावे, अशी अट होती. तेथे सामावून न घेतलेले बदल ‘गो-ओओ’ नावाच्या निराळ्या आवृत्तीत जतन होत होते. २०१० साली सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कार्यकर्त्यांनी लिब्रेऑफिसची घोषणा करून ते बदल त्यात सामावून घेतले. ही दोन घरे अद्याप वेगळीच आहेत.

मतपेटी आणि निर्णायक मत

पंचायत सदस्यांना विशेष रुची वाटावी असे प्रकरण डेबियन प्रकल्पाचे आहे. १९९३ साली सुरू झालेला, लिनक्सवर आधारित असा हा संच सर्वस्वी स्वयंसेवकांचा असून १९९८पासून त्याला स्वतःची लेखी घटना आहे. संगणक सुरू होताच इतर सर्व कामे क्रमाने चालू करणारा एक प्रोग्रॅम असतो. डेबियनमधील जुन्या प्रोग्रॅमच्या जागी ‘सिस्टमडी’ हा नवा प्रोग्रॅम घ्यावा की नाही, यावर २०१३पासून वाद पेटला. समर्थकांना तो सुटसुटीत व आधुनिक वाटे; विरोधकांचे म्हणणे असे की, तो अनेक कामे स्वतःकडे ओढून घेतो आणि पुढे त्याच्यावाचून काहीच चालेनासे होईल. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसे होती.

घटनेनुसार प्रश्न आठ सदस्यांच्या तांत्रिक समितीपुढे आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्षांनी आपले निर्णायक मत वापरून सिस्टमडीच्या बाजूने कौल दिला. निर्णायक मताने लागलेला निकाल कायदेशीर असला, तरी पराभूत पक्षाच्या मनाला तो क्वचितच पटतो. वाद धुमसत राहिला. अखेर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सिस्टमडीवाचूनही इतर प्रोग्रॅम चालले पाहिजेत असा दंडक घालावा काय, या प्रश्नावर सर्व सदस्यांचे मतदान झाले. डेबियनमध्ये मतदार एकाच पर्यायापुढे खूण न करता सर्व पर्याय पसंतीच्या क्रमाने लावतो. कोणताच पर्याय न पटल्यास ‘चर्चा पुढे चालू ठेवावी’ हाही पर्याय तेव्हा प्रत्येक मतपत्रिकेवर असे. या मतदानात विजयी ठरला तो ‘अशा सर्वसाधारण ठरावाची आवश्यकताच नाही’ हा पर्याय! सदस्य भांडणाला कंटाळले होते आणि दैनंदिन व्यवस्थेवर त्यांचा भरवसा होता, असा त्याचा अर्थ लावता येतो.

तथापि, किंमत मोजावी लागलीच. त्याच महिन्यात तांत्रिक समितीच्या तीन सदस्यांनी पद सोडले आणि काही जुने कार्यकर्ते प्रकल्पातून निघून गेले. विरोधकांच्या एका गटाने ‘देवुआन’ नावाचा वेगळा संच काढला व मे २०१७ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध केली. तो आजही चालू आहे. ज्यांना सिस्टमडी नको, त्यांची सोय झाली. डेबियनचेही काम अडले नाही. एक घटना, एक मतपेटी आणि निघून जाण्याचा हक्क, या तिन्ही गोष्टी नसत्या, तर इतका तीव्र वाद त्या प्रकल्पाला पेलला असता असे वाटत नाही.

पायथन या भाषेच्या प्रकल्पात अशी घटनाच नव्हती. तिचे जनक गीडो व्हॅन रॉसम यांना सहकारी थट्टेने ‘तहहयात कनवाळू हुकूमशहा’ म्हणत आणि अंतिम शब्द त्यांचाच असे. २०१८ साली एका छोट्या चिन्हावरून, म्हणजे वाक्याच्या पोटातच मूल्य नेमून देण्याच्या सोयीवरून, कडाक्याचा वाद झाला. त्यांनी ती सोय मंजूर केली; पण त्यासाठी इतके झगडावे लागले की, १२ जुलै २०१८ रोजी त्यांनी आपले स्थान सोडले आणि उत्तराधिकारी नेमण्यासही नकार दिला. सहकाऱ्यांनी कारभाराचे सात निरनिराळे आराखडे मांडले. मतदानाने त्यांतील एक निवडला गेला आणि २०१९च्या प्रारंभी पाच जणांचे निर्वाचित मंडळ अधिकारावर आले. एकाच कंपनीचे दोनांहून अधिक सदस्य मंडळात नसावेत, ही त्यातील अट दूरदर्शीपणाची म्हटली पाहिजे. पहिल्या मंडळावर खुद्द व्हॅन रॉसमही निवडून आले, पाचांपैकी एक म्हणून.

न विचारता केलेला बदल आणि दडपणाखाली दिलेला अधिकार

उघड भांडणाहून निमूटपणे झालेला बदल अधिक घातक ठरू शकतो. २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएल या सुरक्षाविषयक संहितेतील काही ओळी काढण्यात आल्या, कारण एक तपासणी-साधन त्यांबद्दल इशारे देत होते. मूळ प्रकल्पाच्या मंडळींना विचारणा झाली होती, पण ओझरती. प्रत्यक्ष बदल त्यांच्याकडे रीतसर तपासणीसाठी गेलाच नाही. त्या ओळी गेल्यामुळे गुप्त किल्ल्या बनविण्यातील यादृच्छिकता नाहीशी झाली आणि प्रत्येक प्रकारच्या किल्लीचे जेमतेम बत्तीस हजारांच्या आसपास नमुने संभवू लागले. हे उघडकीस आले मे २००८ मध्ये. मधल्या काळात तयार झालेल्या अशा किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या.

एक्सझेड हे माहिती आकुंचित करण्याचे छोटेसे साधन. लिनक्सच्या बहुतेक संचांत ते असते, परंतु ते सांभाळणारा मेंटेनर एकटा व विनावेतन काम करणारा होता. २०२१पासून ‘जिया तान’ असे नाव सांगणारी व्यक्ती तेथे उपयुक्त बदल पाठवू लागली. २०२२ साली आणखी काही अपरिचित नावांनी तगादा सुरू केला : बदल वेळेवर स्वीकारले जात नाहीत, प्रकल्प रखडला आहे, नवा मेंटेनर नेमा. ही नावे एकाच कटातील बनावट नावे असावीत, असा तज्ज्ञांचा कयास आहे. दमलेल्या मेंटेनरने हळूहळू अधिकार सोपविले आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दूरच्या संगणकात शिरकाव करून देणारा चोरदरवाजा बसविला गेला. जे प्रकल्प विलंब लावतात, त्यांच्यावरील टीका वर आलीच आहे. पण येथे विलंबाची तक्रार हेच शस्त्र होते, आणि एकट्या माणसाला ‘नाही’ म्हणण्यासाठी पाठीशी ना समिती होती ना घटना.

अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे आढळले. त्यांनी कारणाचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकार जाहीर केला. प्रमुख संचांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो बदल तेव्हा पोचलेला नव्हता. मूळ मेंटेनरने प्रकल्पाची सूत्रे पुन्हा हाती घेतली, संहितेच्या इतिहासाची तपासणी केली आणि २९ मे २०२४ रोजी चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली.